खरपुडी कुणी संपवली

हैदराबादेत नारायणगुड्याच्या बाजारात कुर्डूच्या जुड्या आल्या की मला राग येतो. फुलांचा नाही. फुलं बिचारी दर भाद्रपदात येतात तशी यंदाही आली आहेत. पांढरी, टोकाला गुलाबी, सुतळीने करकचून बांधलेली. शेजारी तरवडाचे पिवळेधमक ढीग. इकडच्या बायका कुर्डूला गुनुगू म्हणतात, तरवडाला तंगेडू, आणि बतुकम्माच्या नऊ दिवसांत ही रानफुलं ताटात गोल रचून त्यांच्याभोवती फेर धरतात. ज्यांना कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नाही त्या फुलांना मान देणारा हा सण मला मनापासून आवडतो. पण त्या जुड्यांना एक ओला, हिरवा, किंचित कडवट वास असतो. तो वास नाकात गेला की मी शाळेच्या रस्त्यावर उभी असले तरी मुसी नदीच्या वरच्या खोऱ्यात जाऊन पोचते, माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या भाद्रपदात. राग येतो तो तिथे जे झालं त्याचा. आणि यंदा त्या जुन्या रागात नव्या रागाची भर पडली आहे.

माझी आई, शांताबाई, शहरातल्या एका जुन्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होती. देगलूरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन ती हैदराबादला आली तेव्हा तिची चौथी झालेली होती. बाबा टपालखात्यात होते. गौलीगुड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. कॉलेजात नोकरी लागल्यावर वर्षभरात शांताबाईची शांतम्मा झाली, ती निवृत्त होईपर्यंत शांतम्माच राहिली. काचपट्ट्या, ब्लेडं, बरण्या, सगळं तिच्या हाताखालून जायचं. पण तिचं खरं काम हर्बेरियमचं, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचं. रानातून आणलेलं झाड कागदांत पसरायचं, लाकडी दाबात आवळायचं, रोज कागद बदलायचे, सुकलं की विषारी औषधात बुडवायचं आणि जाड शीटवर दोऱ्याने शिवायचं. त्या औषधाने तिच्या बोटांची सालं जायची. हातमोजे होते. ते विभागप्रमुखांच्या कपाटात होते, कुलपात.

झाडं दाबायला कागद पुष्कळ लागायचे. बाबांकडे नांदेडहून टपालाने मराठी वर्तमानपत्र यायचं, तीन-चार दिवस शिळं. बाबांचं वाचून झालं की आई ते कॉलेजात न्यायची आणि ओले झालेले कागद घरी आणून दोरीवर वाळत घालायची. मी इंग्रजी शाळेत शिकले, दुसरी भाषा तेलुगू. मराठी घरात बोलायचो, पण अक्षरं मला कुणी शिकवली नाहीत. ती मी दोरीवरच्या त्या कागदांवरून शिकले. अग्रलेखावर आघाड्याच्या पानाचा तपकिरी डाग असायचा, बाजारभावांवर कुठल्याशा गवताचा तुरा चिकटलेला असायचा. आजही मराठी वाचताना मी जरा अडखळते. पण वाचते.

पुढे मी त्याच कॉलेजात गेले, आईच्याच विभागात. पहिल्या दिवशी सकाळी आईने मला चहा देताना सांगितलं, "कॉलेजात मला आई म्हनू नको. पोरं तुला शांतम्माची पोर म्हनतील." मी तिचं ऐकलं. नुसतं ऐकलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा मैत्रिणींच्या घोळक्यात उभी असताना मी इथल्या हिंदीत म्हटलं, "शांतम्मा, एक ब्लेड देव ना." आईने ब्लेड आणून दिलं, धार माझ्याकडे येणार नाही असं धरून.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. गौलीगुड्याच्या आम्हा लोकांना नदी म्हणजे काय ते चांगलंच माहीत होतं. नदी म्हणजे बसस्टँडच्या मागून येणारा वास. चादरघाटच्या पुलावरून मलकपेठेकडे जाताना रिक्षातली माणसं नाकाला रुमाल लावायची, आम्हीही लावायचो. खाली काळं, जाड पाणी, त्यावर फेस. लोक तिला सरळ नाला म्हणायचे. शहराचं सगळं पोटातलं तिच्यात सोडायचं आणि वर तिलाच घाण म्हणायचं, हे तेव्हा मला विचित्र वाटलं नव्हतं. जे जन्मापासून दिसतं ते विचित्र वाटत नाही.

म्हणून मोठे सर जेव्हा म्हणाले, "या रविवारी आपण मुसीच्या वरच्या खोऱ्यात जाऊ, विकाराबादच्या डोंगरात," तेव्हा वर्गात हसू पिकलं होतं. विभागप्रमुखांना आई मोठे सर म्हणायची, म्हणून मीही म्हणते. त्यांचं नाव लिहीत नाही. ते आता नाहीत, आणि ते वाईट माणूस नव्हते. उन्हातान्हात आमच्या पुढे चालायचे, एका गवताच्या कणसावर तासभर बोलायचे. मला जे थोडंबहुत दिसतं, ते त्यांनी बघायला शिकवलं म्हणून दिसतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं जे सांगणार आहे ते चिडून रचलेलं आहे असं कुणाला वाटायला नको.

नामपल्लीहून सकाळची पॅसेंजर. आम्ही चौदा मुलंमुली, सर, आणि पाठीवर लाकडी दाब बांधलेली आई. विकाराबादला उतरून बसने डोंगर चढलो आणि पायवाटेने खोऱ्यात उतरलो. लाल माती, काळ्या शिळा, गुडघ्याएवढं गवत. गवताच्या टोकांवर पाणी, त्यामुळे पावलागणिक सलवार भिजत होती. सागाची पानं ताटाएवढी झालेली. आणि खाली, दोन दगडांच्या मधून, घोट्याएवढं पाणी वाहत होतं. स्वच्छ, तळातली वाळू मोजता येईल असं.

"ये मुसी है," सर म्हणाले.

कुणी हसलं नाही. मी चप्पल काढून पाण्यात पाय घातला. गार होतं. पाण्याला वास नव्हता. मला एकाएकी रडायला आलं आणि का ते कळलं नाही. आज कळतं. आपल्या दारावरून रोज जी जाते तिची अवस्था कुणीतरी केलेली आहे, ती तशी जन्मलेली नाही, हे मला त्या गार पाण्यात पहिल्यांदा समजलं होतं.

दिवसभर आम्ही खोऱ्यात हिंडलो. सर लॅटिन नावं सांगत आणि एखाद्या झाडापाशी अडले की मागे वळून विचारत, "शांतम्मा, इसकू तुमारे में क्या बोलते?" आई सांगायची. कुर्डू. तरवड. दुधाणी. टाकळा. कुठलं पान जनावर खात नाही, कुठल्या मुळाने जुलाब थांबतात, हेही सांगायची. सर ते वहीत उतरवून घ्यायचे. पुढे त्यांचं पुस्तक निघालं, त्यात प्रत्येक झाडाखाली स्थानिक नाव आणि उपयोग छापला आहे. ही नावं कुणी सांगितली, ते छापलेलं नाही.

दुपारी डबे खाऊन झाल्यावर आई पाण्याच्या कडेने एकटीच थोडी वर गेली. करवंदीच्या जाळीपाशी ती खाली बसली ते मी पाहिलं. बराच वेळ उठेना म्हणून मी गेले. जाळीत एक नाजूक वेल चढली होती, दोऱ्यासारखी, समोरासमोर पानं असलेली. तिला फुलं आली होती. तसं फूल मी पूर्वी पाहिलं नव्हतं. खाली फुगीर, वर नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला इवलासा कंदील.

"खरपुडी," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही हिचे गड्डे खाल्ले. मला वाटलं नव्हतं हिकडं असंल म्हनून."

मी सरांना हाक मारली. त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण मी हाक मारली, आणि मोठ्या अभिमानाने मारली. सर धावत आले. वेल पाहून गुडघ्यांवर बसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. या खोऱ्यात ही कुणालाच मिळालेली नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. फुलात शिरलेल्या चिलटाला आतले केस एक दिवस बाहेर पडू देत नाहीत, परागकण अंगाला लागले की केस मलूल होतात आणि वाट मोकळी होते, हेही त्यांनी तिथेच बसून समजावलं. आईने दुष्काळात खाल्लेल्या गड्ड्यांचं सांगितलं, तेही वहीत उतरवून घेतलं. मग उभे राहून म्हणाले, "शाबास, शांतम्मा." माझ्या आईला त्या माणसाने शाबास म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

सगळ्यांनी शोध घेतला. त्या उतारावर एकूण अकरा वेली सापडल्या.

"निकालो," सर म्हणाले. "सब निकालो. पूरे कंद के साथ."

दुर्मीळ झाडाच्या शीटला किंमत असते. एक आपल्याकडे ठेवायची, बाकीच्या दुसऱ्या कॉलेजांना, परदेशातल्या संग्रहांना पाठवायच्या, त्यांच्याकडून त्यांच्या दुर्मीळ शीट मागवायच्या. रीतच तशी होती. आई दाब सोडून पुढे आली.

"सर, दोन रहने देव," ती म्हणाली. "छोटे हैं दोन, वो रहने देव."

सर हसले. चिडून नाही, प्रेमानेच हसले. "अरे शांतम्मा, जंगल है ये. अगले साल फिर आते."

आई परत दाबापाशी गेली. खुरपी तीन होती, त्यातलं एक माझ्या हातात होतं. माझा हात हलका आहे, मूळ न तोडता काढायला मला जमतं, असं सर वर्गात म्हणायचे. अकरापैकी सहा मी काढल्या. त्या दोन छोट्यासुद्धा. प्रत्येकीच्या तळाशी सुपारीएवढा, कुठे छोट्या बटाट्याएवढा चपटा गड्डा होता. मी एकेक करून आईच्या हातात देत गेले आणि ती कागदांत पसरत गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, दमली असेल. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती आणि मी सरांच्या बाकावर होते, कारण सर म्हणत होते की यंदाची प्रॅक्टिकलची परीक्षा मला अवघड जाणार नाही.

पुढच्या भाद्रपदात आम्ही परत गेलो. खरपुडी नव्हती. महिन्याभराने पुन्हा शोधली, तेव्हाही नव्हती. मग कॉलेज संपलं.

आता मी नारायणगुड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आई माझ्याकडेच असते, मलकपेठेत. यंदा पाऊस ओसरू लागल्यावर शाळेने आठवीच्या मुलांची सहल काढली, नेमकी त्याच खोऱ्यात. इतक्या वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते. संसार, नोकरी, आईचे गुडघे, ही कारणं खरीच आहेत. पण तेवढीच नाहीत.

शाळेची बस शहर सोडून निघाली आणि माझं पित्त खवळायला सुरुवात झाली. पूर्वी जिथे ज्वारी-तुरीची शिवारं होती तिथे आता रंगीत झेंडे लावलेले प्लॉट आहेत. डोंगराच्या पायथ्याला फार्महाऊस, फार्महाऊसच्या आत तरणतलाव. नदीच्या उगमाजवळ कुंपण घालून पाणी अडवायचं, त्यात पोहायचं, आणि गेटवर इंग्रजीत लिहायचं की निसर्गाच्या कुशीत या. पायवाट होती तिथे फरश्या बसवल्या आहेत. आत जायला तिकीट आहे. घोट्याएवढं पाणी अजून आहे, पण त्यात चिप्सची पाकिटं अडकली होती आणि वरच्या अंगाला कुणी लावलेल्या स्पीकरवर गाणं चाललं होतं. शहराने नदीला पुलाखाली जे केलं ते आता वर येऊन, तिच्या पाळण्यापाशी येऊन, रविवारी रविवारी चाललं आहे. आणि ही माणसं स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात.

तरीही मी मुलांना झाडं दाखवत होते. कुर्डू, तरवड, दुधाणी. मजेत होती पोरं. फरशीच्या वाटेवर जागोजागी माहितीच्या पाट्या लावल्या आहेत, फोटोंसकट, इंग्रजीत आणि तेलुगूत. एका पाटीपाशी आमच्या वर्गातली एक हुशार मुलगी थांबली आणि मोठ्याने वाचू लागली. पाटीवर कंदिलासारख्या फुलाचा फोटो होता. ही दुर्मीळ वेल एकेकाळी या खोऱ्यात आढळत असे, असं लिहिलं होतं. खाली मोठ्या सरांचं नाव, त्यांनी ती शोधली म्हणून. आणि शेवटचं वाक्य असं की, स्थानिक लोकांनी खाण्यासाठी कंद खणून नेल्यामुळे ती येथून नामशेष झाली.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मुलं वहीत उतरवून घेत होती.

"मॅम," ती मुलगी मला म्हणाली, "वो लोगां अनपढ थे ना? उनकू मालूम नहीं था ना, रेअर है बोलके?"

तिचा काय दोष. पाटीवर लिहिलेलं खरं असतं, असं आम्हीच तिला शिकवलं आहे. मी म्हटलं, "नहीं बेटा, ये गलत लिखे हैं." आमच्याबरोबर कार्तिक नावाचा वाटाड्या होता, विशीतला, नम्र, डोंगरावर जीव असलेला. तो पुढे आला.

"मॅडम, ये बुक में है," तो म्हणाला. "सर का बुक. हम लोग उसीच से लिए."

"मी होते इथे," मी म्हटलं. मराठीतच बोलून गेले. त्याला कळलं नाही. आणि मग चाळीस मुलांसमोर, दोन शिक्षकांसमोर, मी हिंदीत ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. पुढचं वाक्य काय बोलावं लागेल ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, चला, उशीर होतोय.

घरी आले तेव्हा आई भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. आईला सरांच्या नावाचं काही वाटणार नाही हे मला माहीत होतं. शाबासकी, पाटी, पुस्तक, या गोष्टी तिने आयुष्यात कधी आपल्या धरल्याच नाहीत. त्या तिच्या होत्या हे तिच्या वतीने मीच मनात धरून चिडत आले होते. पण शेवटचं वाक्य सांगितलं तशी तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"आम्ही खाऊन संपवली म्हनतेत?"

"हो."

आईने शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग बोलली ती सलग, आणि इतकं सलग बोलताना मी तिला क्वचितच ऐकलं आहे.

"बहात्तरला आमच्या घरात चार दिवस चूल पेटली नव्हती. मी चौदा वर्साची. आम्ही पोरी-बाया माळावर जायचो खरपुडी खनायला. माझी आई आधी हात धरायची. म्हनायची, जिला फूल हाय तिला हात लावू नको, ती बी धरंल. लहान गड्डा दिसला की माती वर लोट. मोठा काढला तर वरचा शेंडा मोडून परत पूर. पोट पाठीला लागलेलं होतं गं आमचं. तरी पुरायचो. न पुरून कसं चालंल, पुढच्या साली आपल्यालाच खायचं हाय. आन् त्या दिवशी तुमच्या सरांचं पोट भरलेलं होतं. डबा मीच वाढला होता त्यांना. दोन ठेवा म्हनलं. दोन."

तिचा आवाज चढला नव्हता. माझाच चढला. मी म्हणाले की उद्याच्या उद्या मी त्यांना पत्र लिहिते, पाटी काढायला लावते, आई, तूच शोधलीस हेसुद्धा लिहिते. आईने पुन्हा शेंग उचलली.

"आधी कॉलेजात जाऊन शीटा बघ," ती म्हणाली. "तिथं सगळं दिसंल."

मी तिला घेऊनच गेले. विभागात आता फरहाना मॅडम प्रमुख आहेत. त्यांनी आईला ओळखलं. त्या स्वतः तिथल्याच विद्यार्थिनी, आईने त्यांना पहिली शीट शिवायला शिकवली होती. त्यांनी आईसाठी खुर्ची ओढली आणि लोखंडी कपाटातून खरपुडीच्या शीट काढून टेबलावर ठेवल्या. कॉलेजात तीन उरल्या आहेत, बाकीच्या कुठे कुठे गेल्या. वेली तपकिरी पडल्या आहेत, फुलं कागदासारखी. पण तळाशी गड्डे तसेच, दोऱ्याच्या बारीक टाक्यांनी धरून ठेवलेले. आईचे टाके. दोन शीटवर गड्डा सुपारीपेक्षाही लहान. खाली चिठ्ठीवर सरांचं नाव, ठिकाण, तारीख, आणि सरांच्याच अक्षरात लिहिलेलं, की एकूण अकरा झाडं गोळा केली.

म्हणजे त्यांनी लपवलं नव्हतं. ते अक्षर पाहून मला जास्तच राग आला. स्वतःच्या हाताने अकरा लिहिणारा हा माणूस काही वर्षांनी पुस्तक लिहायला बसला, ही वेल आता का मिळत नाही हा प्रश्न त्याच्यापुढे आला, तेव्हा त्याला हे कपाट आठवलं नाही. त्याला आठवली ती आईने सांगितलेली दुष्काळाची गोष्ट. भुकेल्या माणसांनी गड्डे खाल्ले होते, एवढं त्याने त्यातून घेतलं. ती माणसं देगलूरची होती, या खोऱ्यातली नव्हतीच, हे सोडून दिलं. त्यांनी परत पुरले, हे त्याने विचारलंच नव्हतं. शिकलेल्या माणसाला चूक कुणाच्या तरी नावावर टाकायची झाली की उपाशी माणूस किती पटकन सापडतो.

फरहाना मॅडम म्हणाल्या, मूळ चिठ्ठीला कुणीच हात लावायचा नसतो. पण तिच्याशेजारी नवी चिठ्ठी चिकटवता येते, ज्याला काही माहीत आहे त्याने लिहून सही करायची. त्यांनी कोरा कागद दिला. मी लिहिलं. ही झाडं प्रथम शांताबाईंनी पाहिली व ओळखली. उतारावरील सर्व अकरा झाडं त्याच दिवशी कंदासह काढण्यात आली. दोन लहान झाडं ठेवावीत असं शांताबाईंनी सुचवलं होतं, ते मानण्यात आलं नाही. मी ते आईला वाचून दाखवलं.

"काढन्यात आली म्हंजे?" आईने विचारलं. "आपोआप निघाली का?"

मी कागद पुन्हा माझ्याकडे ओढला.

"खुरपं कुनाच्या हातात होतं ते लिही की. सरांचं एकट्याचं कशाला. ते तर आता सांगायला बी नाहीत."

फरहाना मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं, माझं नाव घातलं. सहा माझ्या हाताने. खाली आईने सही केली, मग मी. आई सही करायला नेहमीच वेळ लावते, एकेक अक्षर बसवून. बाहेर पडताना पायऱ्यांवर तिने माझा दंड धरला. म्हणाली, "आता तरी आई म्हनशील ना हितं?" हसत म्हणाली. मला हसता आलं नाही. मी तिला आई म्हटलं, तिथे, त्या पायऱ्यांवर, दोन मुलं वर चढत होती त्यांना ऐकू जाईल असं.

पाट्या लावणाऱ्या कार्यालयात मी पत्र दिलं, चिठ्ठीचा फोटो जोडून. तिथल्या साहेबांनी मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, माहिती प्रकाशित पुस्तकातून घेतलेली आहे, तुमच्याकडे प्रकाशित पुरावा आहे का? मी म्हटलं, माझी आई आहे. ते समजूतदारपणे हसले. पुढच्या वेळी पाट्या रंगवायला काढू तेव्हा बघू, म्हणाले. कधी काढणार, तर त्याला तारीख नाही. छापलेलं खोटं पुसायला छापलेलंच खरं लागतं, आणि छापण्याच्या जागेपर्यंत शांताबाई कधी पोचतच नाहीत. अशाने पाट्या तयार होतात. अशाने पुस्तकं तयार होतात. आणि मग एक आठवीतली मुलगी वहीत लिहून घेते की ते लोक अडाणी होते.

त्या मुलीला मी वर्गात सगळं सांगितलं. तिने वहीतलं वाक्य खोडलं, पण पट्टी लावून, अगदी नीट, खालचं वाचता येईल असं. मला ते बरं वाटलं.

आणि गेले तीन रविवार मी सकाळची गाडी पकडून विकाराबादला जाते. तिकीट काढते, फरशीच्या वाटेने चालत जाते आणि त्या पाटीपाशी उभी राहते. ओरडत नाही, कागद वाटत नाही. कुणी थांबून पाटी वाचली की त्यांचं वाचून होऊ देते आणि मग म्हणते, ये आखरी लाइन गलत है. काहीजण मला वेडी समजून पुढे जातात. काहीजण ऐकतात. कार्तिक पहिल्या रविवारी लांबून बघत होता. दुसऱ्या रविवारी त्याने माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. आता तो आपले पाहुणे घेऊन येतो, पाटीचं अर्धं स्वतः वाचतो आणि उरलेल्यासाठी माझ्याकडे बोट दाखवतो.

परवाच्या रविवारी मेहदीपट्टणमहून आलेलं एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुली, नवऱ्याची म्हातारी आई. त्यांनी पाटी वाचली. मी सांगितलं की भुकेल्या लोकांनी ही वेल संपवली नाही, शिकलेल्या लोकांनी एका दुपारी उपटून नेली. म्हाताऱ्या बाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं. मग काठी टेकत जरा जवळ आल्या.

"आपकू कैसा मालूम?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"मैंच उखाडी थी, अम्मा," मी म्हटलं.

बाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या.